पुढे बसणाऱ्याने झोपायचं नाही

आमच्या घरात गाडीच्या पुढच्या सीटचा एक नियम होता. पुढे बसणाऱ्याने झोपायचं नाही आणि चालवणाऱ्याला झोपू द्यायचं नाही. नियम माझ्या सासऱ्यांचा. ते संस्थानाच्या बांधकाम खात्यात होते आणि साहेबांच्या जीपमध्ये पुढे बसून त्यांनी अर्धा माळवा पाहिला होता. ते म्हणायचे, "चालवणारा हातांनी गाडी चालवतो, शेजारचा तोंडाने."

लग्न होऊन मी कृष्णपुऱ्याजवळच्या घरात आले तेव्हा आमच्याकडे पांढरी फियाट होती. पहिल्याच नवरात्रात देवीची ओटी भरायला चांदवडला निघालो, आणि सासऱ्यांनी मला पुढे बसवलं. म्हणाले, "सूनबाई बोलकी आहे. हिला पुढे बसवा." सासूबाई मागे गेल्या. त्या दिवसापासून ती जागा माझी. हातात वेलदोड्यांची डबी आणि तोंडात गोष्टी. कुठल्या मैलाच्या दगडाशी कुठली गोष्ट सांगायची हेसुद्धा ठरलेलं. मानपूरच्या घाटात माहेरच्या गोष्टी, नर्मदेच्या पुलानंतर शाळेतल्या. मी मराठी शिकवायचे, गोष्टींना तोटा नव्हता.

यंदा मानसने, माझ्या मुलाने, नवी गाडी घेतली. तो पिथमपूरच्या कारखान्यात आहे. रोज जायला तास, यायला तास, त्यातून पलासियाचा ट्रॅफिक. संध्याकाळी घरी आला की सोफ्यावर पालथा पडायचा आणि आर्या, माझी नात, त्याच्या पाठीवर उभी राहायची. नवी गाडी आली आणि ते बंद झालं.

"आई, ही गाडी खुद चालते. मतलब, जवळजवळ," तो मला दाखवत होता. "पुढची गाडी हळू झाली की ही हळू. रेषेच्या बाहेर जायला लागली की चाक आपोआप वळवून परत आत. हायवेवर मला फक्त हात ठेवून बसायचं. बिलकुल थकायला होत नाही."

"आणि झोप आली तर?"

"तो कॅमेरा बघ. माझ्या डोळ्यांवर नजर ठेवतो. डोळे मिटले, मान वळली, की बोंबलतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसला. "तुझं काम त्याला दिलं, आई. तू रिटायर."

आर्या मागून म्हणाली, "आणि तो कॅमेरा चहापण मागत नाही, आजी."

त्या संध्याकाळी आम्ही राऊपर्यंत चक्कर मारायला गेलो. मी माझ्या जागेवर बसले आणि माझ्या सवयीने बोलायला लागले. पलासियाला तेव्हा कसे बंगले होते, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, हे सांगत होते. मानसला मीच लहानपणी शिकवलं होतं, मोठं माणूस बोलत असलं की त्याच्याकडे बघावं, इकडेतिकडे बघत ऐकू नये. तो बेचारा अजून तसंच करतो. मी वाक्य सुरू केलं की तो माझ्याकडे वळायचा, आणि तो वळला की गाडी ओरडायची. टीं, टीं, टीं.

"सत्रह!" राऊला उतरताना आर्या टाळ्या वाजवत म्हणाली. "आजी, तू सत्रह बार गाडीला चिल्लवलंस!"

गाडीत आतल्या बाजूला आणखी एक छोटा कॅमेरा होता. चालवणारा आणि शेजारी बसलेला, दोघं त्यात दिसत. गाडी ओरडली की त्याच्या आधीचे वीस सेकंद आपोआप मोबाईलमध्ये येऊन बसत. आर्याने ते सतरा तुकडे एकाला एक जोडले. मी तोंड उघडते, टीं. मी हात वर करते, टीं. खाली लिहिलं, 'आजी रेडिओ, बंद होत नाही'. घरच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या जाऊबाईंनी हसून रडणारे सहा चेहरे पाठवले.

क्षितिजा, माझी सून, नाशिकची. ती वाईट कधी बोलत नाही, फार गोड बोलते. "आई, तुम्ही आता मागे बसत जा ना. पाय पसरून. या वयात आराम नको का?"

"चांदवडला मी पुढेच बसणार," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर क्षितिजाने मानसकडे बघितलं. मग मानस म्हणाला, "बघ आई, खरं सांगू का. क्षितिजा म्हणत होती की यंदा तू घरीच राहावंस. प्रवास झेपत नाही तुला. ओटी ती भरेल."

"पंचाहत्तरी नाही आली माझी अजून."

"ठीक आहे, चल. पुढे बस. पण बडबड नाही."

"दहा बीप!" आर्या म्हणाली. "चांदवडपर्यंत दहाच्या आत राहिली तर आजीची सीट पक्की. दहाच्या वर गेली तर आजी आउट, नेक्स्ट इयर घरी."

सगळे हसले. मानसपण हसला, आणि म्हणाला, "डन." मला वाटलं होतं तो मुलीला रागावेल.

इथे मला मधूबद्दल सांगायला हवं. मधुवंती, माझी पहिली मुलगी. अडतीस वर्षांपूर्वी, अशाच नवरात्रात, चांदवडला जाताना जुलवानियाच्या पुढे तिच्या वडिलांचा डोळा लागला. फियाट रस्ता सोडून उजवीकडे खाली उतरली आणि चिंचेच्या झाडावर आदळली. मधू वडिलांच्या मागे बसली होती. नऊ वर्षांची होती. मानस पाच वर्षांचा, तिच्या शेजारी. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या वडिलांचं कमरेचं हाड मोडलं. मला काही झालं नाही. मी झोपले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. शाळेत परीक्षेचे पेपर तपासून रात्री जागरण झालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बाळकृष्णांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुन्हा कधी गाडीच्या चाकाला हात लावला नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात ते काठी टेकत बसने जायचे. सासूबाई मरेपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "माझ्या मुलाच्या हातून नात गेली." मी मध्ये बोलायचे नाही. बाळकृष्ण चहात साखर जास्त घालून बसले, विजेचं बिल भरायला विसरले, तर मी काही म्हणायचे नाही, फक्त भिंतीवरच्या मधूच्या फोटोकडे बघायचे. त्यांना तेवढं पुरायचं. ते उठून गच्चीवर जायचे. चोवीस वर्षं ते असे गच्चीवर जात राहिले, मग वारले.

पुढे गजानन नावाचा ड्रायव्हर ठेवला, मग मानस चालवायला लागला. प्रत्येक वेळी पुढे मीच. मधूनंतर मी गाडीत कधी गप्प बसले नाही. लोकांना वाटायचं, स्वभाव.

अष्टमीच्या सकाळी आम्ही निघालो. मानपूरचा घाट उतरेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. वेलदोडा चघळत बसले. पण घाट संपला आणि तो वळणाचा कठडा दिसला, जिथे माझे वडील एकदा बैलगाडी अडकवून बसले होते. ती गोष्ट मी त्या कठड्यापाशी पन्नास वर्षं सांगत आले आहे. तोंडातून निघूनच गेली. मानस वळला. टीं.

"एक!" मागून आवाज आला.

खलघाटला पोचेपर्यंत आठ झाले होते. नर्मदेच्या पुलावर आम्ही नाणं टाकतो. मी काच खाली करून नाणं फेकलं आणि म्हटलं, "नर्मदे हर." मानसने सवयीने माझ्याकडे बघत हात जोडले. टीं.

"नऊ! आजी, देवाला मध्ये आणू नको, तुझंच नुकसान आहे!"

पुलापलीकडे ढाब्यावर जेवायला उतरलो. दाल आणि कणकेचे बाफले आले. मानस भूक लागल्यासारखा जेवला, चार बाफले तुपात बुडवून. मी म्हटलं, "अरे, एवढं जेवून चालवायला बसशील तर झोप येईल. तुझ्या बाबांनीपण त्या दिवशी असंच..."

त्याने पाण्याचा ग्लास खाली आपटला. शेजारच्या टेबलावरचे चारजण वळून बघायला लागले.

"आई, गप्प बस. किती बोलतेस! तोंड दुखत नाही तुझं? सकाळपासून डोकं खाल्लंस. एक शब्द नको आता चांदवडपर्यंत. एक शब्द नाही!"

शेजारच्या टेबलावरचा एकजण हसून म्हणाला, "अरे भिया, माताजी हैं, बोलने दो."

"आप ले जाओ भिया फिर," मानस म्हणाला, आणि ते चौघं, क्षितिजा, आर्या, सगळे हसले.

मी ताटावर हात धुतले.

अडतीस वर्षांपूर्वीचा तो ढाबा पुलाच्या अलीकडे होता, आता तिथे पेट्रोल पंप आहे. तिथेही लोक होते. दोन ट्रकवाले, आणि आमच्या ओळखीचं एक कुटुंब महूचं. बाळकृष्णही असंच जेवले होते. आणि मी काहीतरी बोलत होते, काय ते आता आठवत नाही. ते त्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, "किती बोलतेस गं! तोंड दुखत नाही तुझं?" महूची बाई पदर तोंडाला लावून हसली होती. तिचा पदर मला आठवतो. निळा होता, वर पांढरे ठिपके.

मी तेव्हा ठरवलं, चांदवडपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

बाळकृष्ण अर्ध्या तासाने म्हणाले, "बोल ना काहीतरी." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "यशू, डोळे मिटतायत. बोल ना." मी डोकं मागे टेकवून डोळे मिटले, झोपल्याचं सोंग घेतलं. त्यांनी दोनदा हाक मारली. मग हाक थांबली. मी डोळे किलकिले करून बघितलं. त्यांची मान पुढे आली होती. परत सावरली. परत आली. मला दिसत होतं. मी मनात म्हणत होते, आता कळेल माझ्या बोलण्याची किंमत. अजून एक क्षण. अजून एक क्षण थांबते, मग हाक मारते. गाडी उजवीकडे जायला लागली तेव्हाही मी तो एक क्षण थांबले.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बाळकृष्ण मरणाच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाले होते, "तुला झोप लागली होती, तुझा काय दोष. दोष माझा." मी म्हटलं, "झोपा आता."

ढाब्यावरून निघालो. आता चार पदरी रस्ता आहे, सरळ, स्वच्छ, पांढऱ्या रेषा ओढलेला. निमाडचं ऊन, दोन्ही बाजूंनी कापूस. मानसने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं आणि पाय आखडून मोकळा बसला. गाडी आपोआप चालायला लागली. क्षितिजा मागे पाच मिनिटांत घोरायला लागली, आर्या कानात ती गाण्याची बोंडं घालून झोपली. ठीकरी गेलं. जुलवानिया गेलं.

मानसने जांभई दिली. परत दिली. मग मान जराशी कलली.

मी त्याच्याकडे बघत होते. तोंड उघडलं असतं तर तो जागा झाला असता, पण मग ते दहावं धरलं गेलं असतं का, असा विचार आधी आला. हे खोटं नाही. पण तेवढाच विचार नव्हता. त्याच्या पापण्या खाली आल्या आणि मला वाटलं, बघू दे. माझं काम ज्याला दिलंय त्याला करू दे. आणि खरं लिहायचं तर, मला वाटत होतं की ते यंत्र चुकावं. थोडंसंच. रेषेबाहेर जावं, धक्का बसावा, सगळ्यांनी घाबरून उठावं आणि मानसने म्हणावं, आई, तू का नाही बोललीस? आणि मी म्हणावं, तूच नाही का सांगितलंस. मागे त्याची मुलगी झोपलेली होती, त्याच्या बरोबर मागे. मला ते माहीत होतं.

चिंचेचं झाड अजून आहे. रस्ता रुंद करताना बाकीची तोडली, ते दूर होतं म्हणून राहिलं. ते मला समोरून येताना दिसत होतं.

टीं, टीं, टीं! खुर्ची खालून थरथरली, समोर चहाच्या कपाचं चित्र लागलं, पट्टा छातीवर आवळला गेला आणि गाडीचा वेग खाली आला. मानस दचकून जागा झाला. गाडी रेषेच्या आत, नाकासमोर चालली होती. चिंच बाजूने निघून गेली.

"क्या बात है!" तो हसत, घाम पुसत म्हणाला. "बघितलंस, आई? दोन सेकंद डोळा लागला असेल, तर लगेच उठवलं." मग आरशातून मागे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाला, "बाबांकडे ही गाडी असती ना, तर ताई असती आज."

मी मान हलवली. एक शब्द बोलले नाही.

"आणि हा बीप तुझा नाही हं," तो म्हणाला. "हा माझा. तुझे नऊच. जिंकलीस तू. सीट तुझी."

चांदवडला ट्रस्टच्या भक्तनिवासात उतरलो. संध्याकाळची आरती झाली, ओटी मीच भरली. खोलीवर येऊन मी पाय चेपत बसले होते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पुढचं वर्ष माझं होतं.

आर्या पलंगावर पालथी पडून मोबाईल बघत होती. "पापा, तुमचा स्लीपिंगवाला क्लिप आला! तुमचं तोंड बघा, पूरा उघडं! ग्रुपवर टाकू?" ती हसत सुटली. मग हसणं थांबलं. तिने परत लावलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल वडिलांकडे दिला.

मानसने उभ्याउभ्या बघितलं. परत बघितलं. क्षितिजा त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिसऱ्यांदा बघून तो समोरच्या पलंगावर बसला.

"आई, तू जागी होतीस."

"हो."

"माझ्याकडेच बघत होतीस. वीस सेकंद. पहिल्यापासून."

"तूच म्हणालास एक शब्द नको."

"मी झोपलोय हे तुला दिसत होतं. मागे आर्या होती."

"तुझी गाडी काय करते, ते बघत होते," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

क्षितिजाने आर्याला हाताला धरून बाहेर नेलं. दार लावून घेतलं. तिच्या तोंडून या वेळी गोड काही निघालं नाही.

मानस मोबाईलकडे बघत होता. मग म्हणाला, "मला एक आवाज आठवतो. लहानपणापासून. बाबा म्हणतात, यशू, डोळे मिटतायत, बोल ना. मला वाटायचं मी स्वप्नात ऐकलं असेल. बाबांना विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, आई झोपली होती, तिने ऐकलं नसेल." त्याने वर बघितलं. "तेव्हा गाडीत असलं काहीच नव्हतं, आई. तेव्हा काय बघत होतीस?"

मला वाटलं होतं की हा प्रश्न कधी आला तर माझं काळीज फुटेल. तसं काही झालं नाही. अडतीस वर्षं तयार असलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

"तेव्हा मी झोपले होते."

त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. चित्र थांबवलेलं होतं. त्याची मान छातीवर पडलेली, आणि शेजारी मी. डोळे टक्क उघडे. ओठ घट्ट मिटलेले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आरशात कधी दिसलं नसतं.

"अशी?" त्याने विचारलं.

सकाळी मी गाडीपाशी गेले तेव्हा मागचं दार उघडं होतं. पुढच्या सीटवर प्रसादाची पिशवी ठेवली होती, अकरा नारळांची. मला कोणी काही सांगितलं नाही. मी मागे बसले. गाडी सुरू झाली तशी पुढच्या सीटच्या पट्ट्यासाठी टिकटिक करायला लागली, तिला नारळ म्हणजे माणूस वाटत होतं. क्षितिजाने मागून वाकून नारळांना पट्टा लावला. टिकटिक थांबली.

मालेगाव, धुळे, शिरपूर. कोणी बोललं नाही. बिजासनचा घाट चढलो, सेंधवा गेलं. आर्याने कानात काही घातलं नव्हतं, नुसती खिडकीबाहेर बघत होती आणि माझ्यापासून जितकं सरकता येईल तितकं सरकून बसली होती. गाडी एकदाही ओरडली नाही. कशाला ओरडेल, मानस नाकासमोर बघत होता.

जुलवानिया यायच्या आधी त्याने वरच्या आरशात माझ्याकडे बघितलं. डोळे पूर्ण जागे होते, लाल होते, रात्रभर मिटले नसणार. आता डाव्या हाताला चिंच दिसायला लागली होती.

"आई," तो म्हणाला, "डोळे मिटतायत. बोल ना काहीतरी."

मी तोंड उघडलं. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाची गोष्ट मला पाठ आहे. एकही आठवली नाही.

तो आरशात बघत राहिला. गाडी ओरडायला लागली, तरी तो बघत राहिला.